राजी, त्या पेशी मेल्या नव्हत्या

राजी,

तू गेल्यानंतर पाचव्या दिवशी तुझ्या अम्मांचा फोन आला. मला वाटलं, दहाव्याचं काही सांगायचं असेल. त्या म्हणाल्या, "सुवर्णा, राजेश्वरीच्या त्या नळ्या फ्रिजमधून घेऊन जा की. भाजी ठेवायला जागा नाही मला." मग शेजारच्या मागाची खटखट तेवढी फोनमधून ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. सहा नळ्या होत्या, शेंगाचटणीच्या डब्यामागं स्टीलच्या पेल्यात उभ्या करून ठेवलेल्या. प्रत्येक नळीत आगरच्या जेलीच्या तिरप्या थरावर यीस्टची दुधी रेघ, आणि बाहेरच्या पट्टीवर तुझं बारीक अक्षर. रोज एसटीनं बार्शीला जाऊन कॉलेजात शिकवणारी, संध्याकाळी दमून घरी येणारी बाई दर दोन महिन्यांनी नवं आगर ओतते आणि घरच्या फ्रिजमध्ये, आईची बोलणी खात, इतकी वर्षं यीस्ट जिवंत ठेवते. दुसऱ्या कुणाबद्दल सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

त्या नळ्यांचं पुढं काय केलं ते तुला सांगायचं आहे. पण एकदम तिथं जाता येत नाही. आधी ज्या गोष्टीबद्दल आपण दोघी सोळा वर्षं बोललो नाही, तिथून सुरुवात करावी लागेल.

तुझ्या कॉलेजात शोकसभा झाली. तुझं शिक्षण, नोकरी, किती मुलींना तू संशोधनाकडं वळवलंस, सगळं एका कागदावरून वाचून दाखवलं. खोटं काही नव्हतं. पण तू पेट्री डिशचं झाकण उघडायच्या आधी त्यावर टिचकी मारायचीस, हे त्यात नव्हतं. "उठा रे, सकाळ झाली," असं पेशींना म्हणायचीस, तेही नव्हतं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उभी राहिले, दोन वाक्यं बोलले आणि बसले. लोकांना वाटलं मला रडू आलं. खरं म्हणजे जे बोलायचं होतं ते बोलायचं धाडस झालं नाही.

आपण भेटलो तेव्हा मी मंगळवेढ्याहून नुकतीच आले होते. विद्यापीठातली आपली प्रयोगशाळा सगळ्यात वरच्या मजल्यावर, वर थेट गच्ची. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, म्हणून कोपऱ्यात पिंपं भरून ठेवलेली. मला पिपेट नीट धरता येत नव्हतं. तू माझ्या मागं उभी राहिलीस, माझ्या अंगठ्यावर तुझा अंगठा ठेवलास आणि म्हणालीस, "दाबू नकोस बे, नुसतं ठरव. हात आपोआप करतोय." शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू मागवाल्यांची पोर तू. अप्पांचे दोन माग घरातच. त्या आवाजात तू पाळण्यात झोपलीस आणि त्याच आवाजात बारावीचा अभ्यास केलास. म्हणूनच की काय, फ्लास्क हलवणारा शेकर कितीही खडखडला तरी तुझं लक्ष हलायचं नाही, आणि तो बंद पडला की मात्र तू दचकून वर बघायचीस.

माझा विषय ज्वारीच्या आंबिलातलं यीस्ट. तुझा विषय एक जीन, ज्याला तेव्हा धड नावही नव्हतं, नुसता नंबर. कुणी विचारलं, अगदी अम्मांनी विचारलं, तरी तू एकाच पद्धतीनं सांगायचीस. पेशीतल्या प्रोटीनवर फॉस्फेटचा बारीकसा तुकडा चिकटवला की ते प्रोटीन वेगळं वागायला लागतं. चिकटवणारी एन्झाइम वेगळी, काढून टाकणारी वेगळी. काढणाऱ्यांना फॉस्फटेज म्हणतात. "चिकटवणाऱ्यांच्या मागं सगळं जग लागलंय," तू म्हणायचीस, "काढणाऱ्यांकडं कोण बघायला तयार नाही. म्हणून हे माझं." तुझा जीन अशाच एका फॉस्फटेजचा होता. त्याचं काम काय, हे शोधायचं होतं.

शोधायची रीत तशी सोपी. जीन काढून टाकायचा आणि पेशीचं काय बिघडतं ते बघायचं. तू काढलास. काहीच बिघडलं नाही. साधी पेशी जितकी वाढायची तितकीच ही वाढायची. मीठ घालून बघितलंस, उपाशी ठेवून बघितलंस, आम्ल घालून बघितलंस. दोन वर्षं तुझ्या वहीत शेजारी शेजारी दोन रेघा, एकीवर एक बसलेल्या. आपल्या दोघींचे गाईड, सर, एकदा म्हणाले, "राजेश्वरी, काही जीनना खरंच काही काम नसतं. विषय बदल." तू म्हणालीस, "सर, काम नसतं तर टिकला नसता. मी चुकीच्या वेळी बघतेय." सर हसले. मीही हसले होते. ते आता आठवतं.

मग तो मे महिना.

अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून तू आठवडाभर घरी होतीस. जाताना मला म्हणालीस, "माझे फ्लास्क शेकरवर आहेत. नुसतं बघत राहा, हात लावू नकोस." दुपारी लाईट गेली. इतर गावांत इन्क्युबेटर पेशींना ऊब द्यायला लागतो, आपल्याकडं मे महिन्यात तो त्यांना थंड ठेवायला लागायचा. लाईट गेल्यावर आतला काटा चढत गेला. मी पुठ्ठ्यानं वारा घेत बसले होते आणि तो काटा बेचाळीसच्या पुढं जाताना बघत होते. तीन-साडेतीन तासांनी लाईट आली, शेकर पुन्हा खडखडायला लागला, आत गारवा आला. मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लास्क बघितले. साध्या यीस्टचे तिन्ही फ्लास्क नेहमीसारखे गढूळ, ताकासारखे. तुझा जीन काढलेले तिन्ही तसेच्या तसे नितळ. रात्रभरात त्यांच्यात काहीच वाढलं नव्हतं.

राजी, मला त्याच क्षणी कळलं होतं. मी काही अडाणी नव्हते. तू दोन वर्षं जे शोधत होतीस, ते त्या तीन फ्लास्कमध्ये उभं होतं.

दहा वाजता तुझा फोन आला. "अप्पांची पट्टी निघाली, दिसतंय म्हणायलेत. माझे फ्लास्क कसे आहेत?"

मी म्हणाले, "काल लाईट गेल्ती गं. सगळं तापलं. टाकून दिले."

"असू दे," तू म्हणालीस, "तू काय करणार त्याला."

ते मी का म्हणाले, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ वेळा दिली आहेत. माझ्या आंबिलाच्या कामात दर वेळी बुरशी शिरत होती. माझ्या पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत संपत आली होती. घरी वडील म्हणत होते, आता पुरे, परत ये. ही सगळी कारणं खरी आहेत. पण फोनवर बोलताना यातलं एकही माझ्या डोक्यात नव्हतं. डोक्यात इतकंच होतं की हे अजून कुणाला माहीत नाही.

फ्लास्क मी फोन ठेवल्यावर टाकले. मग तुझ्याच साठ्यातलं यीस्ट घेऊन, या वेळी वॉटर बाथमध्ये मुद्दाम तापवून, तोच प्रयोग तीनदा केला. तिन्ही वेळा तेच. सरांकडं गेले. ते खुर्चीतून उठले. "हे तुला कसं सुचलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "आपल्याकडचं ऊन बघून सुचलं, सर."

शनिवारी सगळ्यांसमोर मी आलेख दाखवला. तू शेवटच्या बाकावर होतीस, नुकती आली होतीस. मी म्हणाले, हा जीन नसला तर पेशी उष्णतेनं मरतात, म्हणजे जीनचं काम पेशीला उष्णतेत वाचवायचं. सगळ्यांनी माना हलवल्या. तू विचारलंस, "किती तासांपर्यंत बघितलंस?"

"चोवीस."

"त्याच्या पुढं?"

"पुढं काय बघायचं? मेल्या त्या."

"मेल्या कशावरून?"

मी म्हणाले, वाढल्या नाहीत त्यावरून. नंतर कँटीनमध्ये चहा घेताना, बिस्किट चहात बुडवत, माझ्याकडं न बघता विचारलंस, "त्या दिवशी लाईट किती वेळ गेल्ती?"

"तीनेक तास," मी म्हणाले.

तू मान हलवलीस. बिस्किट खाल्लंस. उठताना माझा कप पण उचलून नेलास. तुला सगळं कळलं आहे हे मला कळलं, आणि मला कळलं आहे हे तुलाही. या विषयावरचं आपलं बोलणं तेवढंच. पुढच्या सोळा वर्षांत त्यात एका वाक्याखेरीज भर पडली नाही.

पेपर निघाला. माझं नाव पहिलं, तुझं दुसरं. मला डिग्री मिळाली, विद्यापीठातच जागा मिळाली. तुला त्यानंतर दोन वर्षं लागली. बार्शीच्या कॉलेजची ऑर्डर आली तेव्हा तू स्टँडवरूनच फोन केलास, "लॅबमध्ये सहा मायक्रोस्कोप आहेत, त्यातले चार चालतात!" एवढ्या आनंदानं की मला फोन धरवेना.

तू भांडली असतीस तर बरं झालं असतं, असं मी कितीदा म्हटलं असेल मनात. भांडलीस ते वेगळ्याच गोष्टीवर. कुणाचा प्रयोग, कुणाचं नाव, यावर नाही. पेशी मेल्या की नाही, यावर. दर दिवाळीला, दर उन्हाळी सुट्टीत तू भेटायचीस आणि तेच. तुझं म्हणणं असं, की ऊन लागलं की पेशी घाबरून काम बंद करते. त्यासाठी ती आपल्या प्रोटीनवर फॉस्फेट चिकटवत सुटते. ऊन गेलं की ते काढावे लागतात, तरच पुन्हा काम सुरू. आपला जीन ते काढणारा आहे. तो उन्हात उपयोगी पडत नाही, ऊन गेल्यावर पडतो. त्यामुळं जीन नसलेल्या पेशी मरत नाहीत, त्या अडकून बसतात. "तू ज्याला मेलेलं म्हणायलीस ते वाट बघत बसलंय," तू म्हणायचीस. मी म्हणायचे, "पुरावा?" हा शब्द मी तुला तोंडावर फेकायचे.

आणि तू पुरावा आणायला लागलीस. बार्शीतल्या त्या चार मायक्रोस्कोपांवर. मेलेली यीस्ट मिथिलीन ब्लूनं निळी होते, जिवंत पेशी रंग आत ठेवत नाही, हे बी.एस्सी.च्या पोरींना शिकवता शिकवता तू तापवलेल्या पेशींवर तो रंग घातलास. बहुतेक पेशी बिनरंगाच्याच राहिल्या. फोनवर तुझा आवाज चिरका झाला होता. "निळ्या होईनात, सुवर्णे! मेल्या असत्या तर झाल्या नसत्या का?" मी म्हणाले, रंग जुना असेल. राजी, रंग जुना असेल, असं मी म्हणाले.

सहा वर्षांपूर्वी तू माझ्या केबिनमध्ये आलीस. पिशवीत दोन पेट्री डिश, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या, बार्शीहून मांडीवर घेऊन आणलेल्या. तू एक झकास डाव केला होतास. तोच जीन परत पेशीत घातला होतास, पण अशा बटणाच्या मागं की पेशीला गॅलॅक्टोज ही साखर मिळाली तरच तो चालू होईल. साधी साखर मिळाली तर बंद. मग जीन बंद ठेवून पेशी तापवल्यास, थंड केल्यास, आणि अर्ध्या या डिशमध्ये, अर्ध्या त्या डिशमध्ये पसरल्यास. मेल्या असतील तर कुठलीही साखर द्या, उठणार नाहीत. मेलेल्याला बटण दाबता येत नाही. अडकल्या असतील तर गॅलॅक्टोजवर जीन चालू होईल आणि त्या उठतील.

साध्या साखरेची डिश जवळजवळ रिकामी होती. गॅलॅक्टोजच्या डिशवर बारीक बारीक ठिपके, खसखशीएवढे, पण डिशभर.

"चौथ्या दिवशी आले," तू म्हणालीस. "तिसऱ्या दिवसापर्यंत काही नव्हतं. मी पण टाकूनच देणार होते."

मी डिश उजेडाकडं धरली. आणि तोंडातून निघालं, "बाहेरचं काहीतरी शिरलं असेल. तुमच्या लॅबमध्ये निर्जंतुक हवेचा हूड तरी धड आहे का?"

तू माझ्या हातातून डिश काढून घेतलीस. मग म्हणालीस, "त्यांना परत तापवून बघ. परत अडकल्या तर माझ्याच आहेत. नाही अडकल्या तर बाहेरच्या."

"मला वेळ नाही गं सध्या."

"तुझं नाव वर आहे म्हणून तुला त्या मेलेल्याच पाहिजेत का?"

सोळा वर्षांत त्याबद्दल तू एवढंच एक वाक्य बोललीस. मी तुला बाहेर जायला सांगितलं. तू डिश फडक्यात गुंडाळल्यास, सावकाश, कोपरे नीट दुमडून, आणि गेलीस. त्यानंतर आठ महिने आपलं बोलणं नव्हतं.

मग माझी आई गेली. मंगळवेढ्याला जाताना मी कुणालाच कळवलं नव्हतं, तरी तू दुपारच्या एसटीनं आलीस. अंगणातल्या बायकांत बसलीस, भांडी घासू लागलीस, माझ्या काकूशी मराठीत आणि शेजारच्या म्हातारीशी तुझ्या मोडक्या कन्नडात बोललीस. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालीस, "जेव की थोडं." जणू आठ महिने मध्ये झालेच नव्हते. त्या दिवसापासून आपण पुन्हा बोलायला लागलो. सगळ्याबद्दल बोलायचो, माझ्या लेकीची शाळा, अम्मांचे गुडघे, तुझ्या विद्यार्थिनींची लग्नं. फक्त जीनचं नाव तू काढलं नाहीस, आणि मी काढू दिलं नाही.

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा तू फार बारीक झाली होतीस. मी संत्री सोलत होते. तू म्हणालीस, "करून बघ की एकदा. नाही आलं तर नाही आलं."

काय, ते मी विचारलं नाही. म्हणाले, "तू बरी हो. आपण दोघी मिळून करू."

"तू लई चांगलं टाळतेस," तू म्हणालीस, आणि खरोखर हसलीस. नर्स आली, तुला कूस बदलायला लावली, आणि मी निघाले. तुला मी काय काय सांगू शकले असते. सोललेली संत्री तशीच बशीत राहिली.

तर, त्या नळ्या.

मी त्या लॅबमध्ये नेल्या आणि माझ्या विद्यार्थ्यांना हात लावू दिला नाही. कितीतरी वर्षांनी स्वतः आगर ओतलं. पिपेट धरल्यावर दाबलं नाही, नुसतं ठरवलं. नळीवरच्या पट्टीवर तू सगळं लिहून ठेवलं होतंस, कुठली साखर, किती अंशाला, किती वेळ, जणू कुणीतरी कधीतरी करणार हे धरूनच. मी अक्षरन् अक्षर पाळलं. पेशी तापवल्या, थंड केल्या, दोन्ही साखरांवर पसरल्या. एक दिवस गेला, काही नाही. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या मनात आलं, बघ, मीच बरोबर होते, आणि तुला सांगते, मला त्याचा आनंद झाला नाही. मला भीती वाटली. तुझं इतक्या वर्षांचं काम पोकळ निघालं तर मी कुणाची माफी मागायची होती?

चौथ्या दिवशी सकाळी ठिपके होते. तिरपं धरल्यावरच दिसणारे. संध्याकाळपर्यंत ते सरळ दिसायला लागले. साध्या साखरेची डिश कोरी होती, कडेला चार-दोन चुकार सोडले तर.

मग तू सांगितलेलं केलं. ते ठिपके उचलले, साध्या साखरेवर वाढवले म्हणजे जीन पुन्हा बंद, आणि पुन्हा तापवले. पुन्हा अडकले. गॅलॅक्टोज दिलं, पुन्हा उठले. बाहेरचं काही शिरलं नव्हतं. तुझ्याच होत्या त्या. तुझ्या लॅबमध्ये हूड धड नव्हता, तरी तुझे हात माझ्या सगळ्या लॅबपेक्षा स्वच्छ होते.

मी दार लावून घेतलं आणि स्टुलावर बसून रडले. दुःखानं रडले असं म्हणायला हवं, पण सगळं दुःख नव्हतं ते. इतक्या वर्षांनी मला काहीतरी नवं कळलं होतं, आणि ते तू शिकवलं होतंस. ज्या शास्त्रात माझी नोकरी आहे, त्यात मला शेवटचं आश्चर्य वाटून किती वर्षं झाली होती, ते मला त्या दिवशी समजलं. त्याबद्दल तुझे आभार कसे मानायचे, राजी?

सरांकडं गेले. ते निवृत्त झालेत, व्हरांड्यात बसतात. डिश दाखवली, आणि मग तो मे महिना सांगितला, फ्लास्क, फोन, सगळं. त्यांनी चष्मा काढला. "आता कशाला हे, सुवर्णा? ती गेली. पेपर जुना झाला. तुझं पद बघ."

"सर, पेपरमध्ये चूक आहे. जीनचं काम आपण चुकीचं लिहिलंय."

"ती दुरुस्ती कर. बाकीचं कशाला?"

"बाकीचं पण चुकीचंच लिहिलंय, सर."

त्यांनी चष्मा पुसून परत घातला. शेवटी म्हणाले, "तिनं मला विचारलं होतं एकदा. त्या आठवड्यात लाईट कधी गेली होती, याची नोंद ऑफिसात असते का म्हणून. मी म्हटलं, असते. ती काही बघायला गेली नाही." आणि त्यांनी डिश माझ्या हातात परत दिली.

तू नोंद बघितली नाहीस. तुला गरज नव्हती की तुला बघायचं नव्हतं, हे मला आता कधीच कळणार नाही. तू मला माफ केलं होतंस, असं मी म्हणणार नाही. तसं तू कधी म्हणाली नाहीस, आणि तुझ्या वतीनं मी ते ठरवायचं म्हणजे पुन्हा तुझंच काहीतरी उचलून माझ्या नावावर लावल्यासारखं होईल.

मी लेख लिहिला. चार पानांचा आहे. तुझं नाव पहिलं. जीन नसलेली पेशी उष्णतेनंतर अडकते हे पहिल्यांदा तुझ्या फ्लास्कमध्ये दिसलं आणि ते मी लपवलं, हे त्यात सरळ लिहिलं आहे. छापणाऱ्यांनी कळवलं की लेखक हयात नसेल तर घरच्या माणसाची लेखी संमती लागते. म्हणून काल अम्मांकडं गेले.

अम्मा मागाच्या खोलीत पाटावर शेंगा फोडत बसल्या होत्या. माग केव्हाच विकले, जमिनीत बोल्टची भोकं तेवढी आहेत. मी कागद पुढं ठेवला.

"ह्यात काय लिहिलंय?"

"अम्मा, फार ऊन लागलं की ही यीस्ट काम थांबवते, दार लावून बसते. ऊन गेलं की पुन्हा कामाला लागते. पुन्हा कामाला लागायला काय लागतं, ते राजीनं शोधलं."

"ते नसलं तर?"

"तर तशीच बसून राहते. आम्ही म्हटलं, मेली. राजी म्हणाली, मेली नाही."

"कोण म्हटलं मेली?"

"मी." आणि मग सांगितलं. फ्लास्क त्यांच्या लेकीचे होते, अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, मी फोनवर खोटं बोलले. अम्मा ऐकत होत्या. हातातली शेंग त्यांनी फोडली नाही.

"तिला माहीत होतं?"

"होतं."

"मग इतकी वर्षं तुम्ही दोघी बोलत काय होता?"

"बाकीचं सगळं," मी म्हणाले.

अम्मांनी पदरानं डोळे पुसले नाहीत, मला रागावल्याही नाहीत. हातातली शेंग खाली ठेवली. मग पेन मागितलं. कागद मांडीवर घेतला, बोटानं रेघ चाचपली आणि थांबल्या.

"मला मराठीत सही येत नाही. तेलुगूत चालतंय का?"

"चालतंय," मी म्हणाले.

त्यांनी एकेक अक्षर गोल वळवत सही केली. नियम काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. पण छापणारे नाही चालत म्हणाले तर भांडायचं, हे ठरवून मी तो कागद घेऊन निघाले. या वेळी तुझ्या बाजूनं.